आता या वयात दात कशाला?

बंगळूरच्या येलहंका न्यू टाउनमध्ये साताऱ्या-सांगलीकडून, बेळगावकडून येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबं आहेत. मुलगा-सून नोकरीला, नातवंडं शाळेत, आणि त्यांच्यासाठी गाव सोडून आलेली आजी घरात. अशा घरांतून दातांवर भरपूर पैसा खर्च होतो. तो कोणाच्या तोंडात जातो, याचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. मुलीचं लग्न ठरतंय म्हणून तिच्या समोरच्या धडधाकट दातांवर व्हीनियर, म्हणजे दातासारखा दिसणारा पातळ पापुद्रा, बसवायला घर तयार होतं, प्रसंगी हप्त्यांवर. आजीच्या खालच्या जबड्यात चारपाच दात उरलेले असतात. भाकरी आमटीत भिजून मऊ होईपर्यंत ती ताट घेऊन थांबते. विचारलं तर तीच म्हणते, "आता या वयात दात कशाला?"

हे वाक्य आपणच तिच्या तोंडी घातलं आहे. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, दुखलं तर लवंग धरायची, स्वतःसाठी काही मागायचं नाही, असं जन्मभर शिकवल्यावर ती दुसरं काय बोलणार? १८८८ मध्ये 'सुधारक' काढणारे आगरकर केशवपनाविरुद्ध लढले, तेव्हा सोसणारी बाई मुकाट आहे म्हणून रूढी न्याय्य ठरते, हे त्यांनी मानलं नाही. आजीचा नकार ऐकून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्या आपल्यालाही ते मानता येणार नाही.

दात गेल्यावर काय होतं ते नीट पाहू. दात काढला की त्याखालचं जबड्याचं हाड हळूहळू झिजत जातं. शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, समोरच्या जबड्यातला दात लांबतो. खालची कवळी तर काही वर्षांत हलायला लागते, कारण तिला धरून ठेवणारा हाडाचा उंचवटाच खाली बसलेला असतो. मग शेंगदाणे, पेरू, काकडी, मटकीची उसळ एकेक करून ताटातून जातात आणि उरतो भात, बिस्किट, चहा. घरात मधुमेह असेल तर या आहाराचा अर्थ वेगळा सांगायला नको.

यावरचा एक उपाय म्हणजे इम्प्लांट, दाताच्या मुळाऐवजी हाडात बसवलेला स्क्रू. त्याचा शोध कशासाठी लागला हेही आठवावं. स्वीडनमधल्या गोथेनबर्गचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क हाडाचा अभ्यास करत असताना, टायटॅनियमला हाड घट्ट बिलगतं, असं त्यांच्या लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्यांदा ज्या माणसाच्या जबड्यात हे स्क्रू बसवले, त्या यॉस्टा लार्सन यांच्या जबड्यात जन्मतःच व्यंग होतं. त्यांना नीट खाता-बोलता यावं म्हणून ते काम झालं, आणि चाळीसहून अधिक वर्षांनंतर, २००६ मध्ये लार्सन वारले तोवर ते इम्प्लांट टिकले. जे उपचार चावता यावं म्हणून जन्माला आले, ते आज चेहऱ्याच्या जाहिरातीत दिसतात आणि ज्यांना चावता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत.

"पण सगळे दात इम्प्लांटवर बसवायचे म्हणजे लाखो रुपये," असं मुलगा म्हणेल. सगळे बसवायला कोण सांगतं? मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात २००२ मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी असं मत दिलं की खालचे सगळे दात गेले असतील तर पुढच्या भागात दोन इम्प्लांट घालून त्यांवर कवळी अडकवावी, हाच उपचाराचा पहिला पर्याय मानावा. दोन! निव्वळ वय त्याच्या आड येत नाही. आटोक्यात नसलेली साखर, तंबाखू, हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून चालू असलेली काही औषधं आड येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांपुढे आजीच्या औषधांची सगळी पाकिटं ठेवायची. तेही परवडत नसेल तर चांगली बसणारी साधी कवळी करावी. ती काहीच न करण्यापेक्षा कितीतरी बरी.

आणि मुलीचं काय? बहुतेक व्हीनियरसाठी दाताचं एनॅमल थोडं तरी घासावं लागतं. ते परत उगवत नाही. कॅपसाठी तर दात चारही बाजूंनी तासतात. रूट कॅनाल झालेली दाढ फुटू नये म्हणून कॅप बसवणं शहाणपणाचं आहे, पण निरोगी दात फोटोसाठी तासणं म्हणजे बावीस-चोविसाव्या वर्षी जन्मभराची दुरुस्ती मागे लावून घेणं. व्हीनियर कधीतरी बदलावी लागतेच. इथे कोलार, चिक्कबळ्ळापूरच्या, आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूरच्या फ्लोराइडच्या पाण्यानं ज्यांचे दात डागाळले आणि जी मुलं तोंडावर हात धरून बोलतात, त्यांनी उपचार घ्यावेत, त्यात उथळ काही नाही. माझा राग त्या स्थळाच्या मंडळींवर आहे ज्यांना किंचित वाकडा सुळा खटकतो, आणि त्यांच्यासमोर मान तुकवणाऱ्या आईबापांवर आहे. मुलीला दात सरळ हवेच असतील तर तारा लावून, वेळ देऊन ते होतात, आणि बहुधा एकही दात न तासता.

पैशाची अडचण खरी आहे. पण येलहंक्याहून विमानतळाच्या रस्त्यानं थोडं पुढे हुणसमारनहळ्ळीला कृष्णदेवराय दंत महाविद्यालय आहे, आणि शहरात व्हिक्टोरिया हॉस्पिटलच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय. अशा ठिकाणी अध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी काम करतात. खेपा जास्त पडतात, खर्च मात्र खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. दारिद्र्यरेषेखालच्या वृद्धांना मोफत कवळी देण्यासाठी कर्नाटक सरकारनं 'दंत भाग्य' योजना आणली. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या आईसाठी तिची चौकशी आपणच करायला हवी. खासगी दवाखान्यात गेलात तर दरपत्रक मागा, कोणता इम्प्लांट आणि कोणत्या कंपनीचा हे लिहून घ्या, आणि 'आजच ठरवलं तर सूट' असं कोणी म्हणालं तर त्या दिवशी काहीच ठरवू नका.

आजीला विचारताना "तुला दात हवेत का?" असं विचारू नका. त्याचं उत्तर ठरलेलं आहे. "काय खावंसं वाटतं आणि खाता येत नाही?" असं विचारा, सुनेनं आणि मुलानं दोघांनी बसून विचारा, आणि ती जे सांगेल ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगा. त्या भेटीसाठी रजा मुलानं काढावी.