जीभ घसरली म्हणजे काय झालं?

चिठ्ठी मी लिहून दिली होती. हे आधी कबूल करतो, मग पुढचं.

पंचायत समितीचं इलेक्शन होतं. राखीव जागेवर वस्तीतल्या एका मावशींना उभं केलं. मावशी चौथी शिकलेल्या. पण नळाच्या भांडणात बोलायला लागल्या की ग्रामसेवक सायकल काढायचा. मी बी.ए. झालेला कार्यकर्ता. त्यांचं भाषण साधं कसं चालेल? मी लिहिलं, 'सर्वांगीण विकासाला प्राधान्य'. बाजारतळावरच्या सभेत मावशी चिठ्ठी बघून अडखळल्या आणि 'सर्वांगीण विकास'चा 'सर्वांगी निकास' झाला. लोक हसले. मीही हसलो, तोंडावर हात ठेवून. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या पेपरात चौकट आली : 'सर्वांगी निकास करणार उमेदवार!' चौकटीला बारीक नक्षी होती.

त्याच आठवड्यात त्याच बाजारतळावर समोरच्या पॅनेलचा मोठा पुढारी बोलला. खालून कुणीतरी विचारलं, वस्तीची मतं आपल्याला का पडत नाहीत? तो माइकवर म्हणाला, त्यांची कशाला काळजी, ती मतं आदल्या रात्रीची असतात, बाटली आणि मटण पोचलं की झालं. तेव्हाही लोक हसले. त्याच पेपरात आतल्या पानावर चार ओळी : 'भाषणाच्या ओघात साहेबांची जीभ घसरली'. दुसऱ्या दिवशी साहेबांचा खुलासा, माझ्या बोलण्याचा विपर्यास केला.

तेव्हापासून हा वाक्प्रचार माझ्या डोक्यात बसलाय. जीभ घसरली. पाय घसरतो तशी. पाय घसरला तर दोष शेवाळाचा, पावसाचा, फरशीचा. माणूस बिचारा पडलेला. आपण त्याला हात देऊन उठवतो. बघा गंमत, ह्या वाक्यात साहेब बोललेच नाहीत. बोलली ती जीभ, आणि तीही घसरून. मावशींची मात्र जीभ घसरली नाही. मावशीच अडाणी निघाल्या. एकाचा गुन्हा जिभेवर ढकलायचा, दुसरीच्या जिभेचा अडखळा तिच्या अख्ख्या जातीवर.

दोन चुका वेगळ्या आहेत, दोस्तांनो, आणि त्या वेगळ्या कशा ओळखायच्या हा खरा प्रश्न. माझ्याकडे एक साधी कसोटी आहे. बोलणाऱ्याला विचारायचं, तुला काय म्हणायचं होतं? मावशींना विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं : गटार बांधायचीय, नळ आणायचाय, स्मशानाचा रस्ता करायचाय. म्हणायचं एक होतं, तोंडातून दुसरं आलं. ही चूक. साहेबांना विचारलं असतं तर? त्यांना जे म्हणायचं होतं तेच ते म्हणाले. जीभ बरोबर जागेवर पोचली होती. घसरली असेल तर ती रोजची सावधगिरी. पण पेपरवाल्याने मावशींना विचारलं नाही, आणि साहेबांना विचारलं ते फक्त खुलाशासाठी.

हा शब्दांचा खेळ नाही. आम्ही अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात गेलो होतो. १९८९ च्या अॅट्रॉसिटी कायद्यात अपमानाच्या कलमाला हेतू लागतो. लोकांच्या नजरेसमोर, हिणवण्याच्या हेतूने, जाणूनबुजून. फौजदाराने टेबलावरचा तोच पेपर आमच्याकडे सरकवला. म्हणाला, 'अहो, त्यांचा तसा हेतू नव्हता, छापूनच आलंय.' अर्ज घेतला, पोच दिली नाही. कायद्याच्या बाजूने आमचा अर्ज किती टिकला असता ते सोडा. मुद्दा असा, की हेतू होता की नव्हता हे ठरवायचं काम कोर्टाचं. ते बातमीदाराने आठ-दहा शब्दांत उरकून टाकलं होतं.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तेव्हा ते नाव अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्यावरून घेतलं होतं. त्या काळ्यांच्या देशातलं १९७६ चं इलेक्शन बघा. अध्यक्ष जेराल्ड फोर्ड आणि समोर जिमी कार्टर. ६ ऑक्टोबरला सॅन फ्रान्सिस्कोत टीव्हीवर दोघांची जाहीर चर्चा झाली. फोर्ड म्हणाले, पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही. प्रश्न विचारणारा पत्रकारही चक्रावला, त्याने पुन्हा विचारलं, तरी फोर्ड हटले नाहीत. पण त्या रात्री बघणाऱ्यांना विचारलं तेव्हा फोर्ड हरले असं बहुतेकांना वाटलं नव्हतं. मग पेपरांनी आणि टीव्हीने ते एकच वाक्य घासायला घेतलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर बहुतेकांचं मत फिरलेलं, कार्टरच जिंकले. म्हणजे चूक फोर्डची खरी, पण ती किती मोठी हे ठरवलं दुसऱ्याच लोकांनी.

आता ह्याच्या दोनच दिवस आधीचं. ४ ऑक्टोबरला फोर्ड यांचे शेतकी मंत्री अर्ल बुट्झ यांना राजीनामा द्यावा लागला. ऑगस्टमध्ये पक्षाचं अधिवेशन आटोपून विमानाने जाताना त्यांना कुणी विचारलं होतं, लिंकनचा आपला पक्ष, मग काळ्यांची मतं आपल्याला का पडत नाहीत? बुट्झ यांनी विनोद सांगितला. काळ्याला आयुष्यात तीनच गोष्टी लागतात, आणि त्यातली एकही मताची नाही, शाळेची नाही, नोकरीची नाही. तीनही अंगाच्या सुखाच्या. वाचताना मला आमचा बाजारतळ आठवला. तोच प्रश्न, तेच उत्तर. फक्त बाटली-मटणाच्या जागी दुसरं.

आणि पेपरांनी काय केलं? बहुतेकांनी बुट्झ यांचे शब्द छापलेच नाहीत. 'असभ्य', 'वांशिक टिप्पणी' असं काहीतरी गुळमुळीत छापलं. टेक्सासमधल्या लबक गावच्या पेपराने कळवलं, मूळ वाक्य वाचायचं असेल तर कचेरीत या. दोनशेवर माणसं येऊन वाचून गेली. सभ्यता सांभाळली म्हणे. कुणाची? काळ्या माणसाची अब्रू विमानातच गेली होती. पेपराने सांभाळले ते गोऱ्या वाचकाचे कान. शब्द झाकले की बोलणाऱ्याचं मनही झाकलं जातं. वाचणाऱ्याला वाटतं, काहीतरी अचकटविचकट बोलला असेल, म्हातारा माणूस, सुटलं असेल तोंडून. आज अमेरिकेच्या इलेक्शनमधल्या गाजलेल्या चुका सांगताना फोर्ड यांचं पूर्व युरोप हटकून येतं. बुट्झ मागे कुठेतरी राहतात.

कार्टरही धुतल्या तांदळाचे नव्हते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वस्त्यांच्या 'वांशिक शुद्धते'बद्दल ते बोलून गेले. गोऱ्यांच्या मोहल्ल्यात सरकारने जबरदस्तीने बदल करू नये, असा त्याचा रोख. सुरुवातीला त्यांनी समर्थन केलं, मग माफी मागितली. माफी त्या शब्दांची. पुढे मार्टिन लूथर किंग यांचे वडील त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि ते काळ्यांच्या मतांवर निवडून आले. काळ्यांनी चूक केली असं मी म्हणत नाही. समोर दुसरा कोण होता तेही बघावं लागतं. पण शब्द परत घेतला म्हणून मोहल्ल्याची वेस हलते का, हे विचारायचं राहून गेलं.

आपल्याकडे आता नवा शब्द रूढ झालाय. वादग्रस्त विधान. हा 'जीभ घसरली'चा शिकलेला भाऊ. ऑक्टोबर २०१५ मध्ये हरियाणात सुनपेडला दलिताच्या घरात आग लागून दोन लेकरं गेली. केंद्रातले मंत्री व्ही. के. सिंह सरकारच्या जबाबदारीबद्दल बोलताना कुत्र्याला कुणी दगड मारल्याचं उदाहरण देऊन गेले. नंतर म्हणाले, मला तशी तुलना करायची नव्हती. पेपरांत, टीव्हीवर : वादग्रस्त विधान. वाद म्हटला की दोन बाजू आल्या. एका बाजूला मंत्री, दुसऱ्या बाजूला 'संतप्त दलित संघटना'. म्हणजे त्या वाक्यात काही वाईट आहे की नाही हेच अजून ठरायचंय, आणि आपण मात्र आधीच संतप्त! पडद्यावर चार चौकटी, चार तोंडं, अर्धा तास. आग कशी लागली, आधीच्या भांडणात पोलिसांनी काय केलं होतं, हे त्या अर्ध्या तासात बसत नाही.

२०१३ चा एप्रिल आठवा. महाराष्ट्रात दुष्काळ. उजनीच्या पाण्यासाठी सोलापूरकडचा शेतकरी मुंबईत उपोषणाला बसलेला. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार इंदापूरकडच्या सभेत धरणात लघवी करायची का असं बोलले. गदारोळ झाला. १४ एप्रिलला कराडला यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ त्यांनी दिवसभर बसून आत्मक्लेश केला. (१४ एप्रिल! आपण मिरवणुकीत होतो.) चुकलं म्हणून बसले, ते चांगलंच. पण पेपरांनी आत्मक्लेशाचे फोटो छापले आणि विषय मिटला. पाण्याचा आत्मक्लेश कुणी केला नाही. कुठल्या उसाला किती पाणी गेलं, वस्तीच्या हौदाला किती, ही चौकट कुणी नक्षी काढून छापली नाही. आणि न छापणं हे जुनंच हत्यार आहे. १९२० साली बाबासाहेबांच्या 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती.

इथवर टाळ्या मिळतील. आता आपल्याकडे वळतो.

आपणही हाच धंदा शिकलोय. कुणाचं वाक्य सापडलं की मोबाइलवर फिरवायचं, पुतळा जाळायचा, फोटो काढायचा, घरी जायचं. मोर्चा काढू नका असं मी सांगत नाहीये. अपमान गिळायचा नाही हे आपण मोठी किंमत मोजून शिकलोय. पण एक माणूस माझ्या पाहण्यात आहे, त्याची जीभ कधीच घसरत नाही. जयंतीला पहिला हार त्याचा. भाषणात बाबासाहेब, संविधान, समता, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. वस्तीच्या रस्त्याचा निधी पाटलाच्या मळ्याकडे वळवला तो ह्याच माणसाच्या सहीने. त्याच्यावर आपण एकदाही मोर्चा काढला नाही. काय म्हणून काढणार? तो वाईट बोललाच नाही.

दुसरं जास्त टोचणारं. आपल्याच एका पुढाऱ्याने स्टेजवरून विरोधी उमेदवार बाईच्या चारित्र्यावर घाण विनोद केला. मी खाली बसलो होतो. कार्यकर्ते म्हणाले, जाऊ द्या, आपला माणूस आहे, बोलण्याच्या भरात जीभ घसरली. अगदी तेच दोन शब्द! ते आमच्या तोंडून ऐकताना त्या पेपरवाल्याची मला पहिल्यांदा खरी ओळख पटली. तो काही राक्षस नव्हता. त्याचा माणूस होता, त्याने सांभाळून घेतला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये बाबासाहेबांनी सम्यक वाचेबद्दल लिहिलंय ते मी त्या रात्री काढून वाचलं. नीट बोलणं हे भीतीपोटी किंवा मेहेरबानीसाठी नसावं, वरच्याला काय वाटेल किंवा आपलं काय नुकसान होईल ह्याचा त्यात हिशेब नसावा, असा त्याचा आशय. म्हणजे मतं जातील म्हणून मागितलेली माफी त्यात बसत नाही. मतं जातील म्हणून गप्प बसलेला मीही बसत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्या पुढाऱ्याकडे गेलो. त्याने चहा पाजला. मी विषय काढला नाही.

मावशी ते इलेक्शन ३७ मतांनी हरल्या. चौकटीमुळे हरल्या की बाटलीमुळे, कोण सांगणार? मी माफी मागायला गेलो तर भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, 'दादा, तू चुकीचं न्हाई लिवलंस. पर ते माजं न्हवतं.'

पुढच्या वेळी ग्रामपंचायतीला उभ्या राहिल्या. मी चिठ्ठी लिहिली नाही. नळापासून सुरुवात केली. कोणत्या साली अर्ज दिला, कोण काय म्हणाला, पाइप कुणाच्या वाड्यात पडलेत, सगळं नावानिशी. वीस मिनिटं. तोच बातमीदार आला होता, वही उघडून बसला होता. दुसऱ्या दिवशी मी पेपर वरपासून खालपर्यंत चाळला. सभेची बातमी कुठेच नव्हती.