पौलाची नौका आणि उजनीचे पाणी



२१ मे २०२४, मंगळवार. संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे एक प्रवासी बोट निघाली. बोटीत सात जण होते. उजनीच्या पाण्यात असतानाच वादळी वाऱ्याने तिला गाठले, लाटा उसळल्या आणि बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागला. बाकीचे सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. आपत्ती दलाचे जवान पाण्यात शोध घेत होते आणि दोन्ही काठांवर माणसे पाण्याकडे डोळे लावून बसली होती. हे आपल्याला कोणी सांगायला नको, बारामती-इंदापूरच्या घराघरांत त्या आठवड्यात दुसरा विषय नव्हता.

त्यानंतरचा रविवार पवित्र त्रैक्याच्या सणाचा होता. मिस्सा झाल्यावर मंदिराच्या पायरीवर आपल्यातल्या एका आजींनी आम्हांला विचारले, "फादर, देवानं त्या लेकरांना का नाही वाचवलं?" आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच शेजारी उभे असलेले एक गृहस्थ म्हणाले, "आजी, देवाची मर्जी. त्याच्यापुढं कुणाचं चालतं?" भोवतालच्या चार जणांनी माना डोलावल्या. आम्हीही काही बोललो नाही. आजी मात्र मान न डोलावता काठी टेकत निघून गेल्या.

पुढच्याच महिन्यात, २३ जूनला, सामान्यकाळाच्या बाराव्या रविवारी संत मार्कच्या चौथ्या अध्यायातले शुभवर्तमान होते. सरोवरावर वादळ उठते, येशू नौकेच्या मागच्या बाजूला उशीवर झोपलेला असतो, शिष्य त्याला घाबरून उठवतात. आम्ही त्या दिवशी नेहमीचे प्रवचन केले. जीवनाच्या वादळात प्रभू आपल्या नौकेत आहे, घाबरू नका, असे सगळे. वाक्ये चुकीची नव्हती. पण महिन्यापूर्वीच जिथे खरी नौका खऱ्या वादळात बुडाली, तिथून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या लोकांपुढे आम्ही वादळाचे रूपक केले. आजी तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसल्या होत्या. त्या दिवशी जे बोलायला हवे होते ते आज लिहीत आहोत.

संत लूकने प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात पौलाच्या समुद्रप्रवासाची हकीकत दिली आहे. हा अध्याय आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. एकदा घरी सावकाश वाचून पाहा. कैदी पौलाला रोमला नेण्याचे काम युल्य नावाच्या शताधिपतीकडे आहे. जहाज आलेक्सांद्रियाचे, आत धान्य भरलेले, वर दोनशे शहात्तर माणसे. वारा साथ देत नाही, दिवस वाया जातात आणि कसेबसे ते क्रेत बेटावरच्या 'सुंदर बंदर' नावाच्या ठिकाणी पोहोचतात. तेव्हा यहुद्यांचा प्रायश्चित्ताचा उपवास होऊन गेला होता, असे लूक मुद्दाम नोंदवतो. म्हणजे आपल्याकडचा सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागलेला. भूमध्य समुद्रात त्या काळी या सुमारास जहाजे बंदरात बांधून ठेवत आणि हिवाळा सरेपर्यंत हलवत नसत. आपल्या कोकणातले कोळी बांधव पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा करून मगच दर्यावर जातात, तसाच तो शहाणपणाचा रिवाज होता.

पौल सांगतो, आता निघू नका; मालाचे, जहाजाचे आणि जिवांचेही नुकसान होईल. हा मोठा प्रेषित, दर्शने पाहिलेला, मरणाला न भिणारा माणूस. पण इथे तो दर्शनाचा हवाला देत नाही. याआधी तीनदा त्याचे जहाज फुटलेले आहे आणि पाण्यात काय होते हे त्याला ठाऊक आहे. शताधिपती मात्र तांडेलाचे आणि जहाजाच्या मालकाचे ऐकतो. बंदर हिवाळा काढायला सोयीचे नाही, पुढे याहून चांगले बंदर आहे, आणि बहुतेकांचे मत निघावे असेच आहे. तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटतो. सर्वांना वाटते, झाले, आपले साधले. नांगर उचलला जातो. थोड्याच वेळात बेटावरून ईशान्येचा तुफानी वारा खाली कोसळतो आणि पुढचे चौदा दिवस त्यांना सूर्य दिसत नाही की तारे.

इथे आम्हांला आमचीच एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ऑक्टोबर २०२२. परतीचा पाऊस त्या वर्षी जोरात होता. धरणापलीकडच्या एका वस्तीवर आपले एक वृद्ध आजारी होते. तिकडचे फादर बाहेरगावी गेलेले, म्हणून आजाऱ्यांच्या अभ्यंगासाठी निरोप आमच्याकडे आला. रस्त्याने जायचे तर इंदापूर, टेंभुर्णी, जेऊर असा भला मोठा वळसा. बोटीने पलीकडचा काठ डोळ्यांना दिसतो. दुपारी चार वाजता आम्ही पाण्याकाठी पोहोचलो. बोटवाला बोट बांधून बसला होता. त्याने पश्चिमेकडे बोट दाखवले. "वारं फिरलंय, फादर. आज नको." आम्हांला तिथे फक्त थोडे ढग दिसले. आम्ही म्हणालो, "अहो, देवाचं काम आहे. देव बघून घेईल." तो आमच्या पांढऱ्या झग्याकडे पाहत राहिला. मग काही न बोलता त्याने दोर सोडला.

अर्ध्या वाटेवर वारा आला. उजनीचा वारा ज्याने अनुभवला आहे त्याला सांगायला नको. भोवती डोंगर नाही, झाड नाही, मैलोन्‌मैल उघडे पाणी. बोटीत एकही लाइफ जॅकेट नव्हते. आम्हांला पोहता येत नाही. आमच्याबरोबर आलेला आपला तरुण डब्याने पाणी उपसत होता आणि आम्ही जपमाळ धरून बसलो होतो. बोटवाल्याने बोटीचे तोंड लाटेकडे ठेवले आणि जमेल तसे तिरके घेत आम्हांला पलीकडे नेले. उतरल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. एवढेच म्हणाला, "फादर, घरी माझी दोन पोरं हायत."

आजारी बाबांना अभ्यंग दिला. लोक म्हणाले, फादर वादळातून आले, केवढी श्रद्धा! आम्हांला ते ऐकायला बरे वाटले, हेही इथे लिहून ठेवतो. पुढे मे २०२४ मध्ये ती बातमी आली तेव्हा मात्र रात्री झोप लागली नाही. पौलाच्या त्या गोष्टीत आम्ही आजवर स्वतःला पौलाच्या जागी धरत आलो होतो. त्या दिवशी पौलाच्या जागी बोटवाला होता. आम्ही शताधिपतीच्या जागी होतो, आणि वर देवाचे नाव आमच्या तोंडी होते.

हे नाव घेणे किती धोक्याचे असते, ते संत मत्तयच्या चौथ्या अध्यायात आहे. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. तोही शास्त्रवचनच म्हणून दाखवतो, देवदूत तुला हातांवर झेलतील असे. येशू नकार देतो, देवाची परीक्षा पाहायची नसते म्हणतो. "देव बघून घेईल" हे आमचे वाक्य त्या दोघांपैकी कोणाच्या वाक्याच्या जवळचे होते, याचा विचार आम्ही खूप उशिरा केला.

कोणी म्हणेल, मग प्रभू स्वतः शिष्यांना घेऊन सरोवरावर का गेला? गालीलचे सरोवरही असेच, अचानक वारा उतरणारे. पण मार्कच्या वृत्तांतात निघताना वादळाची चाहूल नाही आणि नौकेत मच्छीमार आहेत. कोणीही 'नको' म्हटले आणि येशूने त्याला दटावून बसवले, असे तिथे नाही. वादळ आल्यावर विश्वास ठेवा, असे तो सांगतो. वादळ दिसत असताना नौका सोडा, असे त्याने कुठे सांगितलेले आम्हांला तरी आढळले नाही.

आता देवाच्या मर्जीविषयी. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार आमच्याकडून घोकून घेतला होता, त्याचा अर्थ उजनीच्या काठी कळला. ते म्हणतात, देव सृष्टीचा कारभार चालवतो तो दुसऱ्या कारणांच्या हातून. हे त्याच्या दुबळेपणामुळे नाही. त्याच्या चांगुलपणाला इतके भरते आहे की कारण होण्याचा मान तो आपल्या निर्मितीलाही देतो. म्हणजे वारा खरोखर वाहतो, पाणी खरोखर बुडवते आणि माणूस खरोखर निर्णय घेतो. मागणी असूनही वर्षानुवर्षे न झालेला पूल, मोठा वळसा, वाऱ्याचा जोर, हे सगळे बाजूला सारून एकदम 'देवाची मर्जी' म्हणणे म्हणजे आपल्या वाट्याला आलेला तो मान देवाला परत करणे, आणि दोषही त्याच्याच पदरात टाकणे. शिरसोडी ते कुगाव पुलाला मंजुरी मिळाली ती २०२४ मध्ये, दुर्घटनेच्या वर्षीच.

आणि जे गेले त्यांच्यावरही बोट ठेवू नये. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असे येशू विचारतो आणि स्वतःच नाही म्हणतो. त्या संध्याकाळी बोटीत बसलेले लोक धाडस करायला निघाले नव्हते. ज्या वाटेने दोन्ही काठांचे लोक रोज जात-येत होते, त्या वाटेने ते निघाले होते.

पौलाच्या गोष्टीतला पुढचा भाग आम्हांला सर्वांत प्रिय आहे. वादळात देवदूत पौलाला सांगतो की एकाचाही प्राण जाणार नाही. वचन मिळाले, आता हात जोडून बसायला हरकत नव्हती. पण रात्री खलाशी नांगर टाकण्याच्या निमित्ताने लहान होडी पाण्यात सोडून पळू पाहतात, तेव्हा पौल शताधिपतीला बजावतो की ही माणसे जहाजावर राहिली नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. देवाचे वचन आहे आणि तरीही खलाशी हवेत. या दोन गोष्टींत पौलाला काही विसंगती दिसत नाही. त्या वेळी मात्र युल्यचे शिपाई पौलाचे ऐकतात आणि होडीचे दोर कापून टाकतात. मग पहाटे पौल सर्वांना खायला सांगतो, भाकर घेतो, देवाचे आभार मानतो आणि मोडून खातो. चौदा दिवसांच्या उपाशी माणसांना धीर येतो. नंतर कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सगळे माल्टाच्या किनाऱ्याला लागतात. पूर्वी ज्यांनी त्याचे ऐकले नाही, त्यांना त्याने "मी सांगितले होते" असे एकदा बोलून दाखवले आहे खरे (प्रेषितही माणूसच), पण भाकर सर्वांच्या देखत मोडली.

समुद्रकाठची आपली माणसे हे आपल्यापेक्षा जास्त जाणतात. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या घरांत अजून ती आठवण काढतात. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकणावर आले. २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ आले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे शेकडो मच्छीमार आपल्या देवगड बंदरात आश्रयाला थांबले होते; त्यांच्यात आपले कॅथलिक बांधव पुष्कळ होते. किती तरी होड्या मात्र परत आल्या नाहीत. या ऑक्टोबर-नोव्हेंबरात दिवाळीच्या सुट्टीला आपल्यातली काही कुटुंबे मांडव्याला, मालवणला, गोव्याला जातील. धक्क्यावर तीन नंबरचा बावटा लागला असेल, लाँच बंद असेल, तर तिकीट खिडकीवरच्या माणसाशी भांडू नका. मुलांना आधी जॅकेट घाला आणि मग फोटो काढा.

त्या आजी गेल्या वर्षी देवाघरी गेल्या. त्याआधी त्यांच्या घरी जाऊन आम्ही त्यांना सांगितले की त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि 'देवाची मर्जी' हे उत्तर आम्हांला मान्यही नव्हते. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. पण तुम्ही म्हणायला पायजे होतं."

मागच्या ऑक्टोबरात पुन्हा पलीकडे मिस्सासाठी जायचे होते. बोटवाला तोच. या वेळी आम्ही काठावर उभे राहून त्यालाच विचारले, "काय म्हणता, निघावं का?" त्याने बराच वेळ पश्चिमेकडे पाहिले. "टपरीवर चहा घेऊ, फादर. आज बोट सोडत न्हाई." चहा घेतला आणि गाडी टेंभुर्णीच्या रस्त्याला लावली. पोहोचायला रात्रीचे नऊ वाजले. लोक कंदील लावून बसले होते, जपमाळेचे चौथे रहस्य चालू होते. आम्ही मागे बसून पाचवे त्यांच्याबरोबर म्हटले आणि मग मिस्साला उभे राहिलो.