मंडळीचे वडील कोण नेमतो?

पनवेलचे बेथ-एल सिनेगॉग १८४९ सालचे. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाने ते उभारले तेव्हा त्यांच्यात रब्बी नव्हता, आणि त्याआधीच्या कित्येक पिढ्यांतही नव्हता. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून ज्यांना गावकऱ्यांनी ‘शनवार तेली’ म्हटले, त्या लोकांनी शब्बाथ, सुंता आणि ‘शेमा’ची प्रार्थना टिकवून धरली ती शास्त्र शिकलेल्या पुरोहितवर्गाशिवाय. जमातीचा कारभार मुकादम पाही, त्याच्या जोडीला चौगुले असत. पैशांचा हिशेब गबाईकडे, प्रार्थना हज्जानकडे, लग्ने आणि तंटे काजीकडे, देखभाल शमाशकडे. यांतला चौगुला तर सरळ मराठी गावगाड्यातून, पाटलाच्या शेजारून उचललेला. ख्रिस्ती मंडळीच्या आरंभीच्या नेतृत्वाविषयी नवा करार काय सांगतो याचा विचार करताना या व्यवस्थेकडे आधी पाहावे, असे माझे म्हणणे आहे. येशूचे पहिले शिष्य ज्या सिनेगॉगांत वाढले तिथेही कारभार अशाच जाणत्या गृहस्थांच्या हाती होता. याईर हा अशांपैकीच एक. पिसिदियातल्या अंत्युखियात पौल आणि बर्णबा यांना बोलायची विनंती करणारे सभास्थानाचे अधिकारीही एकाहून अधिक होते.

म्हणूनच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात मंडळीचे वडील पहिल्यांदा येतात तेव्हा लेखक त्यांची ओळख करून देत नाही. अकराव्या अध्यायात यहूदियातल्या दुष्काळासाठी सिरियातल्या अंत्युखियाच्या मंडळीने मदत गोळा केली आणि ती बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती यरुशलेमच्या वडिलांकडे पाठवली, एवढेच तो सांगतो. हे वडील कोण, कधी नेमले, कोणी नेमले, यावर एक शब्द नाही, कारण वाचकाला ते ठाऊकच होते. त्याआधी सहाव्या अध्यायात सात जण निवडले जातात. तिथेही निमित्त धान्यवाटपाचे आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत डावलले जाते, अशी कुरकुर उठली. प्रेषितांनी सगळ्या शिष्यांना बोलावले आणि तुमच्यातूनच सात माणसे शोधा, असे सांगितले. लोकांनी निवडले, प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याकडेच वाटपाची चावी गेली. मंडळीच्या नेतृत्वाच्या या दोन्ही अगदी आरंभीच्या नोंदी पैसा आणि भाकरी यांच्याभोवती आहेत, हा मला योगायोग वाटत नाही. श्रद्धा हृदयात असते हे खरे. पण एखाद्याची श्रद्धा दुसऱ्याला दिसते ती तो सामायिक पैसा कसा हाताळतो यात.

या दृष्टीने तीमथ्याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचला तर त्यातली यादी वेगळीच दिसू लागते. मंडळीचा अध्यक्ष कसा असावा? एका बायकोचा पती, संयमी, आतिथ्य करणारा, मद्यपी नसलेला, भांडखोर नसलेला, द्रव्यलोभ नसलेला, आपले घर नीट चालवणारा, बाहेरच्या लोकांतही चांगले नाव असलेला. शिकवण्याची हातोटी हा एक गुण सोडला तर यात विद्वत्तेचे काही नाही. दर्शने, चमत्कार, वक्तृत्व यांचा तर उल्लेखही नाही. हे सगळे गुण पारखायला शेजारी लागतात. दूरच्या शहरातल्या कार्यालयाला कोण मद्यपी आणि कोणाचे घर धड चालले आहे हे कळणार कसे? शिवाय हे पद एकट्याचे नव्हते. मिलेत इथे पौल इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो, ते अनेक आहेत, आणि त्यांनाच तो कळपाचे अध्यक्ष म्हणतो. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्याच ओळीत अध्यक्ष आणि सेवक दोघेही अनेकवचनी आहेत. याकोब आजाऱ्याला मंडळीचे वडील बोलावून घ्यायला सांगतो. पेत्र स्वतःला सोबतीचा वडील म्हणवतो आणि बाकीच्यांना बजावतो की कळपावर धनीपणा करू नका. याच पेत्राला पौलाने अंत्युखियात सर्वांसमक्ष तोंडावर दोष दिला, हे गलतीकरांस पत्रात नोंदलेले आहे आणि पुढच्या मंडळीने ते खोडलेले नाही.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. अधिकार वरून येतो, खालून नव्हे, असे मानणारे सांगतात की बारा जणांना येशूने निवडले, मतदानाने नव्हे. पेत्राला किल्ल्या देण्याचे वचन मिळाले. क्रेतात गावोगाव वडील नेमण्याचे काम पौलाने तीतावर सोपवले, लोकांवर नाही. हे सर्व मजकुरात आहे आणि ते बाजूला सारता येत नाही. पण तो मजकूर पुढे वाचला पाहिजे. यहूदाच्या जागी माणूस घ्यायचा झाला तेव्हा सुमारे एकशेवीस जणांच्या सभेत दोन नावे पुढे आली आणि मग चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. तीताने ज्यांना नेमायचे त्यांची कसोटी पुन्हा घर आणि लौकिक हीच. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथकरांना लिहिलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र तर वडिलांना पदच्युत केल्याबद्दल करिंथकरांची कानउघाडणी करायलाच लिहिलेले आहे, म्हणजे त्याचा कल पूर्णपणे वरच्या बाजूला आहे. तेही मान्य करते की त्या वडिलांची नेमणूक संपूर्ण मंडळीच्या संमतीने झाली होती. नेमणारा हात आणि ओळखणारे डोळे हे दोन्ही होते. माझा मुद्दा एवढाच की हाताची आठवण संस्थांनी जपली आणि डोळ्यांची हळूहळू विसरली.

ती कशी विसरली गेली याला सबळ कारणे होती, हेही मान्य करायला हवे. दुसऱ्या शतकाच्या आरंभी अंत्युखियाचा इग्नेशियस बंदिवान म्हणून रोमकडे नेला जात असताना वाटेतल्या मंडळ्यांना पत्रे लिहितो आणि पुन्हा पुन्हा सांगतो की एका बिशपला धरून राहा. छळ चालू होता, नवनवे उपदेशक गावोगाव फिरत होते, येशूचा देह खरा होता की नुसता भास होता, यावर वाद पेटले होते. अशा वेळी दहा वडिलांच्या सभेपेक्षा एक माणूस लवकर निर्णय घेतो. मंडळी टिकली यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे. मात्र इग्नेशियसच्या पत्रांतही बिशपच्या भोवती वडिलांची सभा बसलेली आहे आणि त्याचा प्रदेश म्हणजे एक शहर. पुढे त्याचा प्रदेश प्रांताएवढा झाला तेव्हा माणसे त्याला ओळखेनाशी झाली आणि तोही माणसांना.

मराठी मुलखात हा प्रश्न नव्याने उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकात. अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ मध्ये उतरले, अहमदनगरला १८३१ मध्ये पोचले. हे लोक काँग्रिगेशनल पंथाचे. प्रत्येक स्थानिक मंडळी आपला पाळक स्वतः निवडते, हा त्यांच्या घरच्या परंपरेचा गाभा. पण इथे शाळा, जमीन, छापखाना आणि पगार मिशनच्या हाती होते, त्यामुळे बिशप न मानणाऱ्या पंथातही मिशनची सभाच बिशप होऊन बसली. हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून १८५४ मध्ये दीक्षा मिळाली. त्याच सुमारास बोस्टनहून मिशनचा सचिव रुफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीला आला होता. एतद्देशीय मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रचार स्वतः करावा, हा विचार त्याने आणि लंडनच्या हेन्री व्हेनने मांडला होता. विचार नव्या कराराला धरूनच होता, कारण पौलाने कुठल्याही मंडळीत कायमचा पगारी प्रतिनिधी बसवला नाही. अडचण खर्चाची होती. नव्या ख्रिस्ती कुटुंबांतली बहुसंख्य गावकुसाबाहेरची, वर्षभर पोट भरण्याची भ्रांत असलेली; त्यांनी पाळकाला काय पोसायचे? तेव्हा पैसा बोस्टनहून येत राहिला आणि हिशेबही तिकडेच जात राहिला. पाळकाचे शेजारी त्याला रोज पाहत होते, पण त्याचे भवितव्य ठरवणारे लोक त्याला अहवालातून वाचत होते.

पंडिता रमाबाईंनी याच प्रश्नाची दुसरी बाजू उघडी केली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतल्यावर त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात गेल्या. तिथे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे असा विचार निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या बाईने हिंदुस्थानात पंडितांच्या सभा गाजवल्या होत्या तिला हे मानवणे शक्य नव्हते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात रमाबाईंची भूमिका स्पष्ट आहे: एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीच्या जोखडाखाली मान देण्यासाठी आपण ख्रिस्ती झालेलो नाही. त्यांच्याविरुद्ध तीमथ्याच्या पहिल्या पत्रातले स्त्रियांनी शिकवू नये हे वचन पुढे करता येईल, आणि ते तिथे आहेच. पण रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी आहे, प्रेषितांमध्ये नावाजलेली युनिया आहे, आणि अपुल्लोसारख्या विद्वानाला नवऱ्याबरोबर बसून अधिक नीट समजावून सांगणारी प्रिस्किल्ला ‘कृत्यां’त आहे. एक वचन नियम म्हणून घ्यायचे आणि तीन नावे अपवाद म्हणून सोडायची, हा निवाडा मजकूर करत नाही. वाचणारी संस्था करते. रमाबाईंनी यावर वाद घालत बसण्याऐवजी केडगावला मुक्ती सदन चालवले आणि हिब्रू-ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा ते काम नुकतेच हातावेगळे झाले होते. त्यांच्या नेतृत्वाला कोणी हात ठेवून मान्यता दिली, याची चौकशी मुक्तीतल्या बायकांनी केल्याचे दिसत नाही.

नारायण वामन टिळकांचे पाऊल याहून धाडसी होते आणि मला वाटते, अधिक फसलेलेही. १८९५ मध्ये बाप्तिस्मा आणि १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी आणि पगार सोडला, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले दोघांनाही जागा ठेवली. मिशनचा पगार नको, ही त्यांची भूमिका इफिसच्या वडिलांसमोर आपल्या हातांनी कमावून खाल्ल्याचे सांगणाऱ्या पौलाशी जुळते. पण पौलाने मागे गावोगाव वडील ठेवले होते. दरबार टिळकांच्या व्यक्तिमत्त्वावर उभा होता; १९१९ च्या मे महिन्यात ते गेले आणि तो विरत गेला. परकीय मिशनऐवजी एक तेजस्वी स्वदेशी पुरुष आला, तरी जागा एकट्याचीच राहिली. साधुसंतांच्या परंपरेत वाढलेल्या आपल्या मनाला गुरूभोवतीचा मेळा लवकर समजतो. वडिलांची कंटाळवाणी सभा तितकीशी भावत नाही. म्हणून टिळकांवर लिहिणारे बहुतेक लोक दरबाराच्या भव्य कल्पनेवर थांबतात, तो कोण चालवणार होते हे विचारत नाहीत.

कंटाळवाण्या सभांनीच पुढचे काम केले. १९२९ मध्ये सुरू झालेल्या वाटाघाटी चार दशके चालल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. अँग्लिकनांचे बिशप, प्रेस्बिटेरियनांची वडीलसभा आणि काँग्रिगेशनलांची स्थानिक मंडळी, तिन्ही एकाच घटनेत बसवली गेली. अमेरिकन परंपरेतली मेथडिस्ट मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली. सेवकवर्ग एक करताना एकमेकांवर हात ठेवण्याचा विधी झाला, आणि ही नवी दीक्षा की जुनीचीच मान्यता हे मुद्दाम संदिग्ध ठेवले गेले. काहींना ही चलाखी वाटते. मला ती नव्या कराराशी प्रामाणिक वाटते, कारण तिथेही हात ठेवल्याने नेमके काय घडते याची व्याख्या नाही. खरी अडचण पुन्हा मालमत्तेत निघाली. गुजरातमधल्या ब्रदरन मंडळीच्या विलीनीकरणाचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटले की नुसत्या ठरावाने नोंदणीकृत सार्वजनिक न्यास विसर्जित होऊन दुसऱ्यात मिसळत नाही. न्यायालय विश्वस्त कायद्याबद्दल बोलत होते, ईश्वरविद्येबद्दल नव्हे. तरी सहाव्या अध्यायातल्या विधवांना तो निकाल परका वाटला नसता.

विरोधक अखेरीस म्हणतील की स्थानिक वडिलांच्या हाती सगळे दिले तर गावातले दोन-तीन दांडगे लोक मंडळी गिळतात, आणि मग वर कोणीतरी हवाच. हे नव्या करारालाही ठाऊक आहे. योहानाच्या तिसऱ्या पत्रात दियत्रफेस नावाचा एक स्थानिक पुढारी भेटतो. त्याला पहिल्या जागेची हौस आहे. तो बाहेरून आलेल्या बंधूंना घरात घेत नाही, आणि जे घेतात त्यांना मंडळीतून काढून टाकतो. पत्र लिहिणारा स्वतःची ओळख फक्त ‘वडील’ एवढीच देतो. त्याच्याकडे त्या मंडळीवर काही अधिकार आहे हे उघड आहे, तरी पत्रातून तो दियत्रफेसला बडतर्फ करत नाही. मी आलो तर त्याच्या कृत्यांची आठवण करून देईन, असे लिहितो, आणि देमेत्रियाविषयी सर्वांनी चांगली साक्ष दिली आहे, हे पुढे जोडतो. उरलेले शाई-लेखणीने लिहायचे नाही, समोरासमोर बोलू, म्हणून पत्र आवरते घेतो. दियत्रफेसचे पुढे काय झाले, हे नव्या करारात कुठेही नाही.