पोट्टी‘च’ झाली

मूर्तिजापुरात प्रसूतीच्या वॉर्डाबाहेर थोडा वेळ उभं राहा आणि नुसतं ऐका. “काय झालं?” “पोट्टीच झाली.” “जाऊ द्या, बाळबाळंतीण खुशाल हायेत ना?” मुलगा झाला तर हा ‘च’ लागत नाही आणि ‘जाऊ द्या’ म्हणून कोणी सांत्वनाला येत नाही. पेढे घ्यायचे की जिलेबी, हेही ठरलेलं.

बोलण्यावर जाऊ नका, मनात तसं नसतं, असं आपण म्हणतो. 2011 साली सातारा जिल्ह्यात समारंभ करून 285 मुलींची ‘नकुसा’, ‘नकोशी’ ही नावं बदलावी लागली. त्या नावाला शाळेत रोज ‘हजर’ म्हणणाऱ्या पोरीला आईबापाच्या मनातलं कसं कळावं?

मी कॅथलिक आहे. या बाबतीत माझ्या धर्माचं म्हणणं मला बुद्धीलाही पटतं: मूल ही देणगी आहे, हक्काची वसुली नव्हे. हे मान्य केलं की ‘वांझ’ हा शब्द आपोआप खोटा पडतो. देणगी मिळाली नाही म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. चर्चच्या 1983 च्या कायद्यानुसार वंध्यत्वामुळे विवाह रद्द होत नाही. लग्नविधीत ‘देवाकडून येणारी मुलं प्रेमानं स्वीकाराल ना?’ असं विचारतात. जोडपं उतारवयाचं असेल तर तो प्रश्न गाळायची मुभा आहे, आणि तरीही लग्न पुरतं लग्नच असतं. आपल्याकडे मात्र तपासणी व्हायच्या आधीच निकाल लागतो, आणि तो बाईच्या विरोधात. पुरुषाला या कारणावरून चारचौघांत कोणी टोमणा मारलेला ऐकलाय?

आमची घरं तरी कुठे सोवळी आहेत? मिस्सा आटोपून बाहेर पडलेल्या मावश्या नव्या सुनेला ‘गोड बातमी कधी?’ विचारतातच. देणगीसाठी तगादा लावणारे हे भाविक!

“तुमचं चर्च तर संततिनियमनाला विरोध करतं. मग काय, पोरांची रांग लावायची?” हा प्रश्न रास्त आहे. 1968 च्या ‘ह्यूमाने व्हिते’ या परिपत्रकानं कृत्रिम साधनं नाकारली, पण जबाबदार पालकत्वाचा आग्रहही त्यातच आहे. सशासारखी पोरं होऊ देणं म्हणजे चांगला कॅथलिक असणं नव्हे, हे पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये उघड सांगितलं. साधनांच्या प्रश्नावर चर्चशी मतभेद असलेले कॅथलिक पुष्कळ आहेत. तो वाद वेगळा. मुलं किती, हे नवराबायकोनं सदसद्विवेकानं ठरवायचं, एवढं तरी वादापलीकडचं असावं.

ते सासूनं ठरवू नये, तसं सरकारनंही ठरवू नये. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालेल्याला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. तेव्हापासून ‘तिसरं अपत्य’ हे शब्द तक्रारअर्जात जाऊन बसले. अंगणात रांगणारं पोर विरोधकांच्या हातातला पुरावा झालं. वंशाच्या दिव्यासाठी हट्ट नवऱ्याचा आणि पद जातं बाईचं! लोकसंख्येची काळजी खरी असेल तर मुलींचं शिक्षण, लग्नाचं वय, गावातलं आरोग्यकेंद्र यांवर बोला. कोणाचाही जन्म हा अपराध असू शकत नाही.

याच मूर्तिजापूर तालुक्यात, दापुऱ्याला आजोळी वाढलेल्या गाडगेबाबांनी लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाधोडाची पंगत वाढली. भाऊबंद काय म्हणतील याची त्यांनी वाट पाहिली नाही. आपणही पाहायला नको. घरात पुढचं डोहाळजेवण असेल तेव्हा ओटी भरायला मूल नसलेल्या बाईला सगळ्यांत आधी पुढे बोलवा. कोणी कुजबुजलं तर सरळ कारण विचारा. पटण्याजोगं असेल तर ऐकून घेऊ.