मूल नसलेली देवी

जी भक्तिणीला धन देते, रूप देते, पण मूल देत नाही, जिने स्वतः आईपण अनुभवलेलं नाही, त्या देवीला बायका का भजतात? नायजेरियाच्या फ्लोरा न्वापा यांची 'एफुरू' (1966) ही कादंबरी या प्रश्नावर संपते. देवीचं नाव उहामिरी, तिचं ठाणं ओगुटाच्या तळ्यात. एफुरू ही व्यापारात नाव काढलेली इग्बो बाई. नवरा सोडून जातो, एकुलती मुलगी दगावते, दुसऱ्या लग्नात मूल होत नाही. पाण्याच्या तळाशी केस विंचरत बसलेली एक देखणी बाई तिच्या स्वप्नात येऊ लागते. जाणकार सांगतात, उहामिरीने हिला निवडलंय. मग ओरिए या इग्बो बाजारवारी एफुरू पांढरं नेसते, नवऱ्यापासून दूर राहते, देवीचं व्रत पाळते.

न्वापांच्या त्या शेवटातूनच बुची एमेचेटा यांनी आपल्या कादंबरीचं नाव घेतलं: 'द जॉइज ऑफ मदरहुड' (1979). त्यांची न्नू एगो पहिलं बाळ गेल्यावर लागोसच्या पुलावरून जीव द्यायला निघते. पुढे तिला मुलं होतात, मुलगे परदेशी शिकायला जातात. ती मात्र रस्त्याकडेला एकटी मरते. मागाहून मुलगे थाटात उत्तरकार्य करतात, तिचं देऊळ उभारतात. तिथे मूल मागायला आलेल्यांना ती काही देत नाही.

या दोघींनी परंपरेशी भांडण केलं ते परंपरेच्या गाभाऱ्यात उभं राहून, हे मला फार मोलाचं वाटतं. वांझ म्हणून बाईला हिणवणाऱ्या त्याच गावाने उहामिरीलाही पुजलं आहे. म्हणजे मूल नसलेल्या बाईची जागा त्या धर्मात आधीपासून होती. ती नाकारली माणसांनी.

मला मूल नाही. सवाष्ण असूनही नात्यातल्या डोहाळजेवणांत ओटी भरायला मला कुणी पुढे बोलावलं नाही. मला दूर ठेवणारा देव की माणसं, हा प्रश्न मी वर्षानुवर्षं मनात बाळगला. या कादंबऱ्यांनी माझ्यापुरतं उत्तर दिलं: माणसं. देवाच्या नावाने चाललेली ही रीत माणसांनीच मोडायची आहे. तुमच्या घरी ओटी भरायचा प्रसंग आला, तर मूल नसलेल्या बाईला आधी बोलवा.