मुष्टियोद्ध्याचा नकार

रिंगणातील धैर्य आणि नीतीचे धैर्य एकाच जातीचे असते काय? २०१६ साली निवर्तलेले महंमद अली यांचे स्मरण होताच हा प्रश्न पुढे येतो. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन येथे सैन्यभरतीसाठी त्यांचे नाव पुकारले गेले; ते जागचे हलले नाहीत. व्हिएतनामचे युद्ध त्यांच्या धर्मबुद्धीस मान्य नव्हते. विश्वविजेतेपद गेले, ५ वर्षांची कैद व १०,००० डॉलर दंड अशी शिक्षा सुनावली गेली. जामिनामुळे तुरुंग टळला, तरी ऐन उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे वाया गेली. १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली, पण ती अपील मंडळाने आपल्या निर्णयाची कारणे दिली नाहीत या (आम्हां वकिलांच्या आवडत्या!) मुद्द्यावर. त्यांच्या सदसद्विवेकाचे मोल न्यायासनाने केलेच नाही. माझ्या मते ते १९६७ सालीच ठरले होते, निकाल अज्ञात असताना. निकालसंग्रहात तो खटला आजही त्यांनी टाकून दिलेल्या ‘क्ले’ याच नावाने सापडतो.