वयाचा वर्ग आणि भाषेची शाळा

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली संमत झाला. जे मूल सहा वर्षांचे होऊनही शाळेत गेले नाही, किंवा ज्याने शाळा मध्येच सोडली, त्याला त्याच्या वयाला साजेशा वर्गातच प्रवेश द्यावा, असे या कायद्याचे चौथे कलम सांगते. यालाच वयानुरूप प्रवेश म्हणतात. अकरा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांबरोबर पहिलीत बसवणे हा त्याचा अपमान आहे आणि त्या अपमानाला कंटाळून ते पुन्हा शाळा सोडते, हा अनुभव या तरतुदीमागे आहे. मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षणाची सोयही कायद्यात आहे, आणि केंद्राच्या नमुना नियमांनी तिचा कालावधी किमान तीन महिने आणि जास्तीत जास्त दोन वर्षे असा ठरवला आहे. ही तरतूद उदार आहे यात शंका नाही. मात्र मूल मागे राहिले ते केवळ अभ्यासात, शाळेची भाषा त्याला येतच असणार, असे तिने न बोलता गृहीत धरले आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत हे गृहीतक टिकत नाही. भामरागड, एटापल्ली, धानोरा या तालुक्यांतील अनेक घरांत माडिया किंवा गोंडी बोलली जाते, जिवती आणि राजुरा भागातील कोलामांच्या घरी कोलामी, सिरोंचात तेलुगू, मुलचेरा-चामोर्शी परिसरातील निर्वासित वसाहतींत बांगला, आणि ज्यांच्या घरी मराठी आहे त्यांचीही मराठी बहुधा झाडीबोली असते, जी पाठ्यपुस्तकाच्या मराठीपासून बरीच दूर आहे. याच प्रदेशात मूल उशिरा शाळेत येण्याची कारणेही अधिक आहेत. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की पलीकडच्या गावांची वाट बंद होते, मोहफुले वेचण्याच्या आणि तेंदूपाने तोडण्याच्या दिवसांत सारे घर जंगलात असते, आणि धाकट्या भावंडांना सांभाळण्याचे काम बहुतेक वेळा थोरल्या मुलीकडे येते. अशी मुलगी दहाव्या-अकराव्या वर्षी आश्रमशाळेत, म्हणजे आदिवासी मुलांसाठीच्या निवासी शाळेत, दाखल होते, तेव्हा तिला पाचवीचे गणित, परिसर अभ्यास आणि ज्या भाषेत हे विषय शिकवले जातात ती भाषा, अशा तीन गोष्टी एकदम शिकायच्या असतात.

भाषा येणे म्हणजे नेमके काय, याचा उलगडा कॅनडातील शिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या भेदातून होतो. बाजारात, खेळात, जेवणाच्या पंगतीत लागणारी संवादाची भाषा मूल साधारण दोन वर्षांत उचलते. परंतु कारण सांगणे, तुलना करणे, व्याख्या समजणे यांसाठी लागणारी अभ्यासाची भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षे जातात. लहान मुलाच्या हाती तेवढी वर्षे असतात. अकरा वर्षांच्या मुलीजवळ ती नसतात, कारण ती मराठी शिकत असताना तिचे वर्गमित्र थांबून राहत नाहीत, तेही पुढच्या धड्याकडे निघालेले असतात. नियमाची दोन वर्षे आणि भाषेची सात वर्षे यांमधील अंतरात ही मुलगी हरवते. सर्वांत घातक गोष्ट अशी की दोन वर्षांनी ती मराठीत हसू-बोलू लागते, गुरुजींना वाटते भाषा आली, आणि विज्ञानाचा धडा तिला समजत नाही तेव्हा दोष तिच्या बुद्धीला दिला जातो.

तिच्या बुद्धीचा पुरावा शाळेबाहेर भरपूर असतो. सत्तर तेंदूपानांचा एक पुडा आणि शंभर पुड्यांचा भाव असा हिशेब चालतो त्या फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, ती आईबरोबर उभी राहिलेली असते. सात हजार पानांचा गुणाकार तिला वहीशिवाय कळतो. तिच्या भाषेचे व्याकरणही अंगात पुरते मुरलेले असते. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा असून तिच्यात नामांची विभागणी पुरुषवाचक आणि पुरुषेतर अशी दोनच गटांत होते, त्यामुळे एकवचनात स्त्रिया, प्राणी आणि वस्तू एकाच गटात पडतात. मराठीची तीन लिंगे अशा मुलीला गोंधळात टाकतात तेव्हा तिचे चुकणेसुद्धा नियमाला धरून असते, आणि ज्या शिक्षकाला हे ठाऊक आहे तो ती चूक लाल शाईने न खोडता दोन्ही भाषांची रचना शेजारी शेजारी मांडून दाखवू शकतो. वयाने मोठ्या मुलाला हा लाभ अधिक होतो, कारण भाषेकडे भाषा म्हणून पाहण्याची समज सहाव्या वर्षापेक्षा अकराव्या वर्षी पुष्कळ वाढलेली असते. एका भाषेत वाचनाची आणि विचाराची सवय लागली की ती दुसऱ्या भाषेत उतरते, हेही कमिन्स यांनीच दाखवले. म्हणून उशिरा आलेल्या मुलासाठी मातृभाषेतून विषय शिकवण्यात वेळ वाया जात नाही, उलट वाचतो.

दोन भाषांतून शिकवण्याचा प्रयोग इतरत्र झालेला आहे. अमेरिकेतील मायामी शहरात १९६३ साली कोरल वे या सार्वजनिक प्राथमिक शाळेने क्युबातून आलेल्या निर्वासितांची आणि स्थानिक इंग्रजीभाषक अशी दोन्ही मुले घेऊन स्पॅनिश व इंग्रजी या दोन भाषांतून शिकवायला सुरुवात केली. तिच्या वाटेने पुढे निघालेल्या द्विभाषिक शाळांत एक अडचण वारंवार येते: पहिलीनंतर नवे मूल घ्यायचे तर त्याला दोन्ही भाषांचे पुरेसे ज्ञान हवे, अशी अट अनेक ठिकाणी घातली जाते. अटीमागचे कारण समजण्याजोगे आहे. तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट अशी आहे जी गडचिरोलीच्या वर्गात आढळत नाही: तेथे स्पॅनिश बोलणारे मूल केवळ शिकणारे नसते, शेजारच्या मुलाला शिकवणारेही असते. मराठी शिकणारे माडिया मूल आणि माडिया शिकणारे मराठी मूल एका बाकावर, हे चित्र आपल्याकडे आजही कल्पनेतलेच आहे.

मोठ्यांच्या बाबतीत हे घडून गेलेले आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला तेव्हा डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आधी माडिया शिकून घेतली, कारण दुखणे कुठे आहे हे रुग्णाच्या भाषेत विचारल्याशिवाय उपचार होणे शक्य नव्हते. तेथील शाळा त्यानंतर, १९७६ मध्ये, सुरू झाली. दवाखान्याला जे लगेच उमगते ते शिक्षणखात्याला उमगायला एवढा काळ का लागावा? राज्यघटनेत १९५६ साली समाविष्ट झालेला अनुच्छेद ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याची अपेक्षा राज्यांकडून करतो. ओडिशाने २००६ नंतर दहा आदिवासी भाषांतून बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम हाती घेतला. गडचिरोलीत मात्र पाऊल टाकले ते ग्रामसभेने. धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे २०१९ मध्ये गोंडीतून शिकवणारे पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल उभे राहिले, आणि शासनमान्यता नसल्याने शिक्षण विभागाने त्याला नोटीस बजावल्यावर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. मान्यतेचा प्रश्न कागदी वाटला तरी त्याचा भार मोठ्या मुलावर पडतो: अशा शाळेत गोंडी वाचायला-लिहायला शिकलेले मूल पुढे मान्यताप्राप्त शाळेत गेले, तर त्याची मागची वर्षे मोजायची कोणत्या आधारावर, हे कोणत्याच दाखल्यातून ठरत नाही.

आईबापांचा कल मराठीकडे, त्याहूनही इंग्रजीकडे असतो, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी गोंडी ही आपली मातृभाषा सांगितली, तरी ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. तलाठ्याचे कार्यालय, बँक, न्यायालय यांपैकी कुठेही तिच्यावर काम भागत नाही. मुलाला मराठी उत्तम यावी हा आग्रह योग्यच आहे. वाद आहे तो मराठीपर्यंत पोहोचण्याच्या वाटेबद्दल. पहिली दोन वर्षे गणित आणि विज्ञान माडियातून, मराठी ही स्वतंत्र विषय म्हणून रोज आणि कसून, त्यानंतर एकेक विषय मराठीकडे वळवत आठवीच्या अखेरपर्यंत दोन्ही भाषांचा आधार, अशी रचना करायला नव्या कायद्याची गरज नाही. लागतात ते भाषा जाणणारे शिक्षक. आश्रमशाळेतून शिकून बाहेर पडलेल्या माडिया आणि कोलाम तरुणांमध्ये ते आज उपलब्ध आहेत. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारखेप्रमाणेच मातृभाषेचाही रकाना असतो. वर्ग ठरवताना जन्मतारीख पाहिली जाते; त्याच वेळी दुसरा रकाना वाचून मुलाचा शिक्षक ठरवता येईल.